मिस्टर ओल्सन आणि रिकामं विमान

इथल्या मराठी मंडळातल्या बायका माझी ओळख करून देताना "ही हीथ्रोला असते" एवढंच म्हणतात आणि घाईघाईने बटाटेवड्यांची प्लेट पुढे करतात. ऐकणाऱ्याला वाटतं, ही एअर होस्टेस असणार, निदान तिकीट काउंटरवर तरी. मीही कित्येक वर्षं ते तसंच राहू दिलं. आता रिटायर झालेय, पेन्शन सुरू आहे, कुणाला घाबरायचं कारण नाही, तेव्हा आपल्या दिवाळी अंकात छापूनच टाका: मी एकवीस वर्षं व्हीलचेअरी ढकलल्या.

नागपूरची बी.ए. झालेली मुलगी, लग्न होऊन हीथ्रोजवळच्या हाउन्सलोला आले. नवरा स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या कारखान्यात शिफ्टला जायचा. माझ्या डिग्रीचं इथे कुणाला काही पडलं नव्हतं. शेजारच्या पंजाबी बाई एअरपोर्टवर होत्या, त्यांनी फॉर्म आणून दिला. बाबांना पत्र लिहून कळवलं तेव्हा त्यांचं उत्तर आलं, "काम कुठलंही कर, फक्त मान खाली घालून करू नकोस." आता खुर्चीत बसलेल्या माणसाशी बोलायचं तर वाकावंच लागतं, हे मी त्यांना कळवलं नाही.

काम काय असतं ते सांगते. आमच्या कागदावर तीन प्रकारचे प्रवासी असायचे. एक, ज्यांना लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात. दोन, ज्यांना पायऱ्याही जमत नाहीत. तीन, ज्यांना थेट सीटपर्यंत न्यावं लागतं. त्यांच्यासाठी विमानातल्या चिंचोळ्या वाटेत मावणारी एक अरुंद खुर्ची असते. चौथा प्रकार कागदावर नव्हता, पण आम्हाला सगळ्यांना ठाऊक होता. पुण्याहून, अहमदाबादहून येणाऱ्या ठणठणीत आज्या! रोज पर्वती चढणाऱ्या. पण इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत, म्हणून मुलाने तिकिटावर व्हीलचेअर लिहून ठेवलेली. इमिग्रेशनला मी बोलायचं, बॅगा मी काढायच्या, आणि बाहेर मुलगा दिसला की आजी खुर्चीतून टुणकन उडी मारून पळत सुटायच्या. लोक बघत राहायचे. एकदा एक गोरा गृहस्थ मला म्हणाला, "तुमच्या हाताला गुण आहे हो!"

नियम एकच. आमचे प्रवासी सगळ्यांच्या आधी चढणार आणि सगळ्यांच्या नंतर उतरणार. वाट मोकळी असते, घाई नसते, कुणाच्या पायावर चाक जात नाही. चांगला नियम आहे. एक दिवस सोडला तर मी तो एकवीस वर्षं पाळला.

आणखी एक गोष्ट या धंद्यात शिकले, ती कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. खुर्चीतल्या माणसाला तुमचा चेहरा दिसत नाही आणि तुम्हाला त्याचा. त्याचं टक्कल दिसतं, कॉलर दिसते, कान दिसतात. चेहरा दिसत नसला की माणूस बोलतो. टर्मिनलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात मी लोकांचे घटस्फोट ऐकलेत, मुलांची भांडणं ऐकलीत. एकदा तर एका पाद्र्याने मला सांगितलं, की त्याला आता प्रार्थना करताना कंटाळा येतो.

ऐंशीच्या दशकात उन्हाळा आला की अमेरिकन म्हातारे यायला लागायचे. टोपीवाले, आम्ही त्यांना म्हणायचो. टोपीवर विमानाचं चित्र आणि त्यांच्या तुकडीचा नंबर. महायुद्धात विशीतली ही पोरं घरापासून हजारो मैल लांब, इथे नॉरफोक-सफोकच्या शेतांमध्ये येऊन राहिली होती. तिथून जर्मनीवर बॉम्ब टाकायला उडायची. परत येतील याची खात्री नाही. आता साठी-सत्तरीत त्यांचे ग्रुप यायचे, कोचमध्ये बसून जुने एअरफील्ड बघायला. बघायला काय, तर बीटरूटचं शेत, मध्येच तुटका काँक्रीटचा पट्टा आणि एखादी कोंबड्यांची शेड. तरी दहा-दहा तास उडून यायचे बिचारे.

त्यांच्यातला कुणीही खुर्चीत सुखासुखी बसायचा नाही. एकजण बसण्याआधी ब्रेक तपासायचा, दोन्ही चाकं हलवून बघायचा, मग मला अंगठा दाखवायचा. तो पायलट होता हे सांगायला नको. एकाला चार बोटांची पेरं नव्हती. विमानाच्या उघड्या खिडकीशी मशीनगन धरून बसायचा, तिथल्या थंडीने गेली. कोटाची बटणं लावायला मी हात पुढे केला तर म्हणाला, "लावा, पण बायकोला सांगू नका, तिला वाटतं मला येतात." आणि एक होता जो इकडे नाही, आपल्याकडे आसामला होता. मी इंडियन आहे कळल्यावर त्याने मोठ्या प्रेमाने त्याला येणारे तिन्ही हिंदी शब्द म्हणून दाखवले. तिन्ही शिव्या! आणि चेहरा असा की जणू माझी चौकशीच करतोय. मी थँक्यू म्हणाले, दुसरं काय करणार.

मिस्टर ओल्सन आले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मिनेसोटाचे. लहानखुरी मूर्ती, माझ्याहून उंचीने कमीच. पाय मुरगळलेला, घोट्याला जाड बँडेज. त्यांच्या ग्रुपचे पुढारी मिस्टर ब्रॅडी, आवाज असा की सगळ्या टर्मिनलला ऐकू जावा. त्यांनीच मला सांगितलं, "याचं नाव रे, रे ओल्सन. जुन्या रनवेवर धावत सुटला आणि खड्ड्यात पडला. याला आज घरी पोचवायचंच आहे, मॅम. परवा सकाळी त्याच्या बायकोचं हार्टचं ऑपरेशन आहे. अचानक ठरलंय."

"बेटी," ओल्सन म्हणाले. "तिचं नाव बेटी आहे."

ढकलता ढकलता त्यांनी एवढंच सांगितलं, की युद्धानंतर ते कधी विमानात बसलेच नव्हते. या खेपेला मित्रांनी गळ घातली म्हणून आले. येताना त्रास झाला का, मी विचारलं. नाही म्हणाले. त्यांची बस उशिरा पोचली, सगळे पळत पळत चढले, ते सगळ्यांच्या मागे होते. काही वाटलं नाही. मी म्हटलं, मग आता तर काय, राजासारखं सगळ्यांच्या आधी बसवते तुम्हाला. मला वाटलं मी फार छान बोलले.

गेट उघडलं. विमानाला जोडलेल्या बोगद्यातून मी त्यांना खाली घेऊन गेले. दारातून आत बघितलं की समोर सगळ्या सीट्स दिसतात, रांगांमागून रांगा, डोकं टेकायच्या जागी पांढरे कपडे, आणि एक माणूस नाही. मी रोज बघते, मला त्यात काही दिसत नाही. मिस्टर ओल्सननी दाराची कड दोन्ही हातांनी धरली.

"नाही," ते म्हणाले. "यात कुणी नाहीये."

"म्हणूनच तर आपण आधी आलो," मी म्हणाले. "उठा बघू हळूच."

"यात कुणीच नाहीये!"

आता इथे माझी चूक झाली, आणि ती चूक आमच्या धंद्यातल्या माणसाकडूनच व्हावी अशी आहे. घाबरलेला प्रवासी दार धरतो, हे आम्हाला नवीन नाही. ट्रेनिंगमध्ये शिकवतात: हसतमुखाने, ठामपणे, एकेक बोट सोडवा. मी हसतमुखाने त्यांचं एकेक बोट सोडवलं. करंगळी, मग शेजारचं, मग मधलं. अगदी सफाईने. त्या बोटांची पकड मला आजही आठवते आणि माझीच मला लाज वाटते. तिसऱ्या बोटाला ते ओरडले आणि त्यांचा हात असा फिरला की माझं मनगट दाराच्या लोखंडावर सणसणीत आपटलं.

विमानातली पर्सर, म्हणजे सगळ्या एअर होस्टेसची मुख्य बाई, धावत आली. वाईट नव्हती ती, पण विमान त्या दिवशी फुल्ल, तिच्या डोक्यावर साडेतीनशे माणसं होती. म्हणाली, "हे उडायच्या स्थितीत नाहीत. मी नाही घेणार. यांनी तुला मारलं का?"

आता या प्रश्नाचं महत्त्व सांगते. मी हो म्हटलं असतं तर पोलीस आले असते. ओल्सन त्या दिवशी तर नाहीच, पण डॉक्टरची चिठ्ठी, चौकशी, सगळं होऊन पुढचे तीन-चार दिवस कुठल्याच विमानात चढले नसते. आणि बेटीचं ऑपरेशन परवा सकाळी.

"छे! माझाच हात अडकला दारात," मी म्हणाले. मनगट तोवर सुजायला लागलं होतं. ते मी युनिफॉर्मच्या बाहीत ढकललं.

पर्सर म्हणाली, "वीस मिनिटं देते. तोवर शांत झाले आणि स्वतः हो म्हणाले तर बघू."

मी त्यांना परत वर गेटवर आणलं. इतर प्रवासी रांगेत उभे राहिले होते. गेटवरचा आमचा कीथ, विमान वेळेवर सोडायची जबाबदारी त्याची, घड्याळ दाखवत माझ्याकडे आला. तिथे सगळ्यांनी माझं नाव तोडून सू केलं होतं. "सू, ते येणार का नाही ते आत्ता सांग. नसतील येणार तर त्यांची बॅग विमानाच्या पोटातून शोधून काढावी लागेल. प्रवासी नाही तर बॅगही नाही. मग उशीर होणार, आणि तुझं नाव त्यात पुन्हा येणार." पुन्हा म्हणाला, कारण मे महिन्यात मला उशिरासाठी एक लेखी वॉर्निंग मिळाली होती. आमची सुपरवायझर मॉरीन, आयरिश, तोंडाने फटकळ. तिने तेव्हा बजावलं होतं, दुसरी आली तर मला तुला रात्रीच्या सफाईवर टाकावं लागेल.

मी मिस्टर ओल्सनच्या समोर गुडघ्यावर बसले. काय झालं, विचारलं. ते बोलेनात. हात मांडीवर, नजर जमिनीला. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. ब्रॅडी येऊन "कम ऑन, रे!" म्हणून गरजून गेले. काही नाही.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उठले, मागे गेले, हँडल धरलं आणि ढकलायला लागले. जायचं कुठेच नव्हतं. गेटच्या खिडकीपासून कॉफीच्या मशीनपर्यंत, तिथून वळून परत खिडकीपर्यंत. कीथने दोन्ही हात हवेत उडवले. मी बघितलंच नाही त्याच्याकडे.

दुसऱ्या फेरीला ते बोलायला लागले.

"मी पोटाखालचा गनर होतो," ते म्हणाले. "विमानाच्या पोटाखाली एक गोल काचेचा पिंजरा असतो. मी लहानखुरा, म्हणून मला दिला. पण त्यात विमान उडाल्यावर शिरायचं. जमिनीवर असताना माझं काम वेगळं होतं. मी सगळ्यांत शेवटी चढायचो. आत आलो की सगळ्यांची तोंडं बघायचो. माझ्यासकट दहा जण. मग मागचं दार लावायचो आणि पायलटला ओरडून सांगायचो, एव्हरीबडी इन. तो तेवढ्यासाठी थांबायचा. दुसऱ्या कुणी सांगितलेलं त्याला चालायचं नाही."

खिडकी आली. मी वळले.

"एका सकाळी मला सर्दी झाली. नुसती सर्दी हो! पण सर्दीत वर गेलं तर कानाचे पडदे फाटतात, म्हणून डॉक्टरने मला खाली ठेवलं. माझ्या जागी दुसरा मुलगा गेला. मी टाटा करायला गेलो होतो. त्या मुलाला दाराचं माहीत नव्हतं. दार कुणी लावलं मला माहीत नाही. संध्याकाळी विमानं परत यायच्या वेळी मी ग्राउंडच्या लोकांबरोबर काँक्रीटवर उभा होतो. ते लोक रोज मोजायचे. आम्ही अंधार पडेपर्यंत मोजत होतो."

मी ढकलत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

"त्यानंतर मी बदली माणूस झालो," ते म्हणाले. "ज्या विमानात माणूस कमी असेल त्यात मला घालायचे. अकरा वेळा गेलो. त्या पोरांना मी नकोसा वाटायचो, मेलेल्या क्रूचा उरलेला. तेव्हापासून मी कुठल्याही रिकाम्या जागेत पहिला शिरत नाही. चर्चमध्ये नाही, लिफ्टमध्ये नाही. घरातसुद्धा बेटीला पुढे करतो. पंचेचाळीस वर्षं तिला वाटतंय मी जंटलमन आहे." आणि ते हसले. मला मात्र रडायलाच आलं. मी मागे होते, त्यांना दिसलं नाही.

"मिस्टर ओल्सन," मी नाक पुसून म्हणाले, "सगळे आत बसलेले असतील, एकही सीट रिकामी नसेल, आणि तुम्ही शेवटी गेलात तर?"

कॉफीच्या मशीनपाशी आल्यावर म्हणाले, "तर जमेल."

मी कीथकडे गेले. तो म्हणाला, "व्हीलचेअर शेवटी? वेड लागलंय का तुला? वाट माणसांनी भरलेली असेल, तुझी ती अरुंद खुर्ची जाणार कुठून?"

"खुर्ची नाही. ते चालत जातील."

"त्या पायावर?"

"माझ्या खांद्यावर. पर्सरला सांग, दाराशेजारच्या रांगेतली सीट दे. ब्रॅडींची आहे तिथे, ते देतील."

"आणि उशीर झाला तर?"

"तर माझं नाव घाल. सफाईवर जाईन. मला झाडू मारता येतो."

कीथ वॉकीटॉकीवर पर्सरला एवढंच म्हणाला, "शेवटी एक प्रवासी चालत येतोय. जरा धीर धर." देव त्याचं भलं करो, असं म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही, पण त्या दिवशी म्हणाले असते.

ब्रॅडींना मी गोष्ट सांगितली नाही, ती सांगायचा हक्क माझा नव्हता. फक्त म्हणाले, तुम्ही सगळे टोपीवाले आत जाऊन बसा आणि रे येतील तेव्हा दाराकडे बघा. त्या माणसाने पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "यस मॅम," म्हणाला. मला वाटतं, त्याला न सांगताच कळलं असावं.

रांग संपत आली. मुलं, बॅगा, उशिरा धावत येणारा एक धापा टाकणारा बिझनेसमन. कीथने आकडा जुळवला, कागदावर सही केली आणि पर्सरला द्यायला तो माझ्या हातात दिला. मी मिस्टर ओल्सनना उठवलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर, माझा हात त्यांच्या कमरेला, आणि मनगटातून अशी कळ येत होती की विचारू नका. बोगदा उताराचा आहे, एरवी मी तो एका मिनिटात पार करते. आम्हाला सात मिनिटं लागली. मध्ये दोनदा ते थांबले. मी घाई केली नाही. एकदाही बोट सोडवलं नाही.

दारात पोचलो. त्यांनी आत बघितलं.

साडेतीनशे माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि सांगते, फार प्रेमाने नव्हती बघत. वैतागलेली होती. एवढा वेळ कुणामुळे थांबवलंय, तो हा होय, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं. एक बाळ रडत होतं. कुणीतरी घड्याळावर बोट आपटलं. मिस्टर ओल्सन एकेक रांग बघत गेले, पार शेवटपर्यंत, कुठे एक जागा रिकामी आहे का. दाराशेजारची त्यांची स्वतःची सोडली तर नव्हती. मधल्या रांगेत टोपीवाले बसले होते, सगळ्यांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या होत्या.

त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. पाय टेकवला. आणि त्या लहानशा माणसाने एवढ्या मोठ्याने विचारलं, की पर्सर बाई दचकली.

"एव्हरीबडी इन?"

लोकांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. काहीजण हसले. टोपीवाले नाही हसले. ब्रॅडी उठून उभे राहिले. ओल्सन त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे वळले होते, कारण कीथच्या सहीचा कागद माझ्या हातात होता.

मी तोवर कधी त्या कागदावर काय लिहिलंय ते नीट वाचलं नव्हतं. त्या दिवशी वाचलं. वरपासून खालपर्यंत. मग म्हणाले, "ऑल इन, सर. तुमच्यासकट."

"आणि तुम्ही?"

"मी ग्राउंडवर असते."

त्यांनी माझा सुजलेला हात दोन्ही हातांत घेतला, सांभाळून, दुखणार नाही असा. मग वळले आणि सीटवर जाऊन बसले. पट्टा स्वतः लावला.

नऊ मिनिटं उशीर. दुसरी लेखी वॉर्निंग आली. मॉरीनने मला समोर उभं करून आधी उशिराबद्दल झापलं, मग मनगटाबद्दल खोटं बोलले म्हणून झापलं, आणि मग स्वतःच्या हाताने क्रेप बँडेज बांधलं. सफाईवर टाकलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, "विसरले मी. आठवण करून देऊ नकोस."

या कामाची एक खंत आहे, ती सांगते आणि थांबते. आम्हाला शेवट कळत नाही. माणूस दारापर्यंत आमचा, पुढे नाही. बेटीचं काय झालं, ती उठली का, तिला त्यांनी ते सगळं सांगितलं का, मला आजही माहीत नाही. पत्ता मागायची पद्धत नाही, आणि त्यांनीही दिला नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला गेले ती आधी कोट न काढता त्या एअरलाइनच्या डेस्कवर गेले. तिथल्या मुलीला म्हटलं, कालचं दुपारचं मिनेसोटाचं विमान उतरलं का, जरा बघशील?

ती हसली. "सू, विमानं उतरतातच ग. एवढ्या वर्षांत तू कधी विचारलं नाहीस."

"तरी बघ," मी म्हणाले.

तिने कॉम्प्युटरवर टाईप केलं. तेव्हाचे कॉम्प्युटर हळू, हिरवी अक्षरं एकेक करून उमटायची. मागे माझ्या नावाचा पुकारा होत होता, दोन आज्या खुर्चीत बसून खोळंबल्या होत्या. मी हलले नाही, काउंटर धरून उभी राहिले.

"उतरलंय," ती म्हणाली.

"सगळे?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मग पुन्हा स्क्रीनकडे वळली आणि तिने खरोखर शोधलं.

"सगळे," ती म्हणाली.